यंत्र सांगते, शिकायचे आपणच



गेल्या पावसाळ्यात आपल्यातील एक कुटुंब माझ्याकडे आले. त्यांचे दोन बिघे सोयाबीन पिवळे पडून करपले होते. चौकशी केली तेव्हा कळले, की मुलाने मोबाइलवर तण मारण्याचा व्हिडिओ पाहिला, औषधाचे नाव कागदावर उतरवून घेतले आणि दुकानातून अ‍ॅट्राझीन आणून फवारले. व्हिडिओत सांगितलेले खोटे नव्हते. अ‍ॅट्राझीन मक्यातील तण मारते आणि मका त्यातून वाचतो. पण सोयाबीन हे रुंद पानांचे पीक. तणाबरोबर तेही जळते. व्हिडिओ मक्याचा होता, शेत सोयाबीनचे होते.

मी वडिलांना विचारले, "तुम्ही त्याला अडवले का नाही?" ते म्हणाले, "फादर, मोबाइलला आमच्यापेक्षा जास्त कळत असेल असे वाटले."

मुलगा आळशी नव्हता. शिकण्याच्या इच्छेनेच त्याने तो व्हिडिओ पाहिला. मग चुकले कुठे? पूर्वी झालेले दोन प्रयोग पाहिले तर याचे उत्तर सापडते. एक महाराष्ट्रातला आहे, दुसरा आपल्या धार जिल्ह्यातला.

रेडिओभोवती बसलेली मंडळे

१९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई आणि असे दहा आठवडे चालले. गावकरी एकत्र बसून ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करीत. मंडळाचा निमंत्रक टिपण लिहून ठेवी. ज्या शंका सुटत नसत त्या आकाशवाणीकडे पाठवल्या जात, आणि पुढे त्यांची उत्तरे रेडिओवरून मिळत.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडून झाली. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळांच्या गावांतील लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले. जेथे नुसता रेडिओ होता तेथे फारसा फरक पडला नाही. रेडिओ दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो एकत्र बसण्याने, प्रश्न विचारण्याने आणि लिहून ठेवण्याने.

धारचा ज्ञानदूत

दुसरा प्रयोग आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १ जानेवारी २००० रोजी धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' सुरू झाला. गावोगावच्या सूचनालयांत संगणक बसवले आणि ते टेलिफोनच्या तारेने जिल्ह्याच्या ठिकाणाशी जोडले. संगणक चालवणारा 'सूचक' हा गावातलाच शिकलेला तरुण असे. पाच रुपयांत मंडीचे भाव कळत. जमिनीचे उतारे मिळत, दाखल्यांचे अर्ज व तक्रारी तेथूनच जात. त्याच वर्षी या कामाला स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दूरच्या मंडीचा भाव हाती आला म्हणजे शेतकरी दारातल्या व्यापाऱ्याला "थांबा, विचार करतो" असे म्हणू शकतो. हे शिक्षण लहान नव्हे. परंतु वीज जाई, टेलिफोन बंद पडे. अर्जाचे उत्तर वेळेवर आले नाही की लोकांचा विश्वास उडे. सूचकाची कमाई बेताची असे. गरीब माणसे आणि स्त्रिया तेथे कमीच जात. हळूहळू सूचनालयांचे काम मंदावले. ज्याने फक्त भाव विचारला होता, त्याच्याजवळ संगणक बंद पडल्यावर काही उरले नाही. ज्याने भाव का चढतो, का पडतो हे समजून घेऊन वहीत मांडले होते, त्याचे शिक्षण त्याच्याजवळच राहिले.

आज आपल्या खिशात

आता सूचनालयात जावे लागत नाही. ते आपल्या खिशातच आले आहे, आणि त्याचा उपकारही मोठा आहे. शाळा सुटून चाळीस वर्षे झालेला माणूस आज हवामान पाहतो, मंडीचा भाव पाहतो, वाचता येत नसेल तर ऐकतो. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळात फुकट सल्ला विचारता येतो.

पण अडथळाही तेथेच आहे. रेडिओ सर्वांनी मिळून ऐकला जाई, मोबाइल ज्याचा त्याने कोपऱ्यात बसून पाहायचा. त्यामुळे "अरे, हे तर मक्याचे आहे" असे म्हणणारे जवळ कोणी नसते. दहा व्हिडिओ पाहिले की आपण शिकलो असे वाटते, पण हात काहीच शिकलेला नसतो. सांगणाऱ्याला औषध किंवा बियाणे विकायचे आहे की काय, हेही कळत नाही. आरोग्याचेही तसेच आहे. कोणी पाठवलेला संदेश वाचून साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. डॉक्टरांना विचारल्यावाचून असे कधीही करू नका.

चार नियम

१. एकट्याने पाहू नका. घरातील वडीलधारी माणसे व शेजारी यांच्यासह पाहा. संपल्यावर मोबाइल बाजूला ठेवून बोला.

२. प्रश्न विचारा. हे कोणत्या पिकाचे? कोणत्या जमिनीचे? सांगणारा कोण आणि त्याचा फायदा काय? फवारण्याआधी डब्यावरील चिठ्ठीत आपल्या पिकाचे नाव आहे की नाही ते वाचा.

३. आधी थोड्यावर करून पाहा. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ओल टिकवा आणि चार-पाच दिवसांनी मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. साधारण शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. त्यासाठी सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा शेतात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. सगळे मिळून दहा सेंटिमीटर झाले की शंभर मिलिमीटर झाले. पाऊस किती येईल याचा अंदाज मोबाइल देतो, आपल्या शेतात किती पडला ते डबा सांगतो.

४. लिहा आणि दुसऱ्याला सांगा. जे दुसऱ्याला समजावता येते, तेच आपण खरे शिकलो.

करपलेल्या सोयाबीनच्या त्या कुटुंबाने आता एक वही केली आहे. मुलगा मोबाइलवर वाचून दाखवतो, वडील प्रश्न विचारतात, आई लिहिते. मुलाला यंत्र कळते, बापाला जमीन कळते. दोघे एकमेकांजवळ बसले, तर साठाव्या वर्षीही शिक्षण थांबत नाही.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. या वर्षी मोबाइलवर पाहिलेली कोणती गोष्ट आपण शेतात करून पाहिली? काय अनुभव आला?

२. आपल्या घरात मोबाइल कोणाच्या हाती असतो? ज्यांच्या हाती तो नसतो, त्यांच्यापर्यंत माहिती कशी पोहोचेल?

३. आपल्या वस्तीत आठवड्यातून एकदा एकत्र बसण्यास कोणता दिवस सोयीचा? वही कोण ठेवील?