पाण्याखालचा रंग

(मासे पकडण्यासाठी रंगीत बनावट आमिषे वापरतात. दुकानात जो रंग आपल्याला उठून दिसतो, तो पाण्याखाली माशालाही तसाच दिसतो का? एका मुलाने आपल्या नानांच्या मदतीने हे कसे शोधून काढले, ते या पाठात सांगितले आहे.)

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या मुखाशी आहे. अब्बांची मासेमारीची होडी आहे. गेल्या हिवाळ्यात तिचे इंजीन बिघडले आणि दुरुस्तीला गेले. जाळे घेऊन दूर जाणे बंद झाले. तेव्हा नानांनी आपली जुनी वल्ह्यांची होडी बाहेर काढली. माझी शाळा दुपारची होती. म्हणून मीही रोज पहाटे नानांबरोबर गरवायला जाऊ लागलो. मिळेल त्या मासळीवर घरचा खर्च चालत होता.

नाना गरीला पांढऱ्या पिसांचा गुच्छ बांधत. दोरी खालीवर हलवली की तो गुच्छ पोहणाऱ्या लहान माशासारखा दिसे. मला मात्र ती पिसे अगदी साधी वाटत. बाजारातल्या एका दुकानात प्लास्टिकचे रंगीबेरंगी मासे टांगलेले होते. त्यांतला एक लालभडक होता. दुकानदार म्हणाला, "हा रंग माशाला लांबूनही दिसतो." मी साठवलेली सगळी ईदी देऊन तो घेतला.

तीन दिवस मी लाल मासा पाच वाव खोल सोडून बसलो. एकही मासा लागला नाही. शेजारी बसलेल्या नानांना मात्र रोज दोन-तीन तांबोशी मिळत. तिसऱ्या दिवशी मी रागाने दोरी गुंडाळली आणि म्हणालो, "नाना, माझे नशीबच खोटे!"

नाना हसले. "नशिबाला कशाला बोल लावतोस, बेटा? तुझा लाल मासा खाली गेल्यावर लाल राहतो का, ते आधी पाहू."

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. नानांनी खालाकडून शिवणकामातल्या चिंध्या मागून आणल्या. लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी आणि पांढरी अशा सहा पट्ट्या एका काठीला बांधल्या. काठीला दगड अडकवला. ऊन डोक्यावर आले, तेव्हा आम्ही खडकाजवळच्या नितळ पाण्यात होडी थांबवली.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मला रंग धूसर दिसतात," नाना म्हणाले. "दोरी मी सोडतो. तू नीट पाहा आणि जे दिसेल तेच सांग."

काठी एक वाव खाली गेली. लाल पट्टी विटकरी दिसू लागली. दोन वावांवर ती काळसर झाली. नारिंगी पट्टीही मळकट दिसू लागली. पिवळी आणि हिरवी ओळखता येत होती. पांढरी पट्टी हिरवट दिसत होती, पण सर्वांत उठून तीच दिसत होती. काठी वर ओढली, तर लाल पट्टी पुन्हा लालभडक!

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या सरांना याचे कारण विचारले. सर म्हणाले, "सूर्यप्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात. वस्तूवर लाल प्रकाश पडला आणि तो परत आला, तरच ती लाल दिसते. पाणी सर्वांत आधी लाल प्रकाश शोषून घेते. मग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश सर्वांत खोल जातो. आपल्या किनाऱ्याच्या गढूळ, हिरवट पाण्यात मात्र हिरवा आणि पिवळसर प्रकाश जास्त खोल पोचतो. खाली लाल प्रकाशच उरला नाही, तर लाल वस्तू काळी दिसणारच."

सरांनी आणखी दोन शास्त्रज्ञांची माहिती सांगितली. विल्यम बीब आणि ओटिस बार्टन हे 1934 साली बर्म्युडा बेटाजवळ पोलादी गोळ्यात बसून 923 मीटर खोल उतरले होते. खाली जाताना लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, हे बीब यांनी स्वतः पाहून लिहून ठेवले. आपले चंद्रशेखर वेंकट रामन 1921 साली विलायतेहून जहाजाने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला. हा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असे त्यांनी दाखवून दिले. प्रकाशावरील पुढील शोधासाठी 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

"पण सर, माशांना रंग कळतात का?" मी विचारले.

"पुष्कळ माशांना कळतात. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने माशांना एका ठरावीक रंगाजवळ अन्न घेण्याची सवय लावली. पुढे त्या रंगाबरोबर करड्या रंगाच्या अनेक छटा ठेवल्या, तरी मासे नेमके त्या रंगाकडेच जात. मात्र सर्व जातींची नजर सारखी नसते."

घरी येऊन मी हे सगळे नानांना सांगितले. ते म्हणाले, "शास्त्र मला ठाऊक नव्हते. पण माझे वडील भर उन्हात पांढरी पिसे लावत आणि झुंजूमुंजू असताना काळी."

त्याचेही कारण सरांनी सांगितले. पहाटे उजेड कमी असतो. मासा खालून वर पाहतो, तेव्हा उजळत्या आकाशापुढे काळ्या आमिषाची आकृती स्पष्ट दिसते. नितळ पाण्यात व उन्हात चंदेरी किंवा पांढरे आमिष खऱ्या लहान माशासारखे चमकते. पाणी गढूळ असेल, तर पिवळा किंवा पोपटी रंग चांगला. लाल आमिषही निकामी नाही. ते पृष्ठभागाजवळ वापरावे.

आता मी वहीत रोजची नोंद ठेवू लागलो. तारीख, पाण्याची स्थिती, खोली, रंग आणि मिळालेले मासे. बारा दिवसांत पांढऱ्या पिसांना सतरा मासे लागले, लाल माशाला फक्त चार. मी मोठ्या आनंदाने वही सरांना दाखवली.

सरांनी ती वाचली आणि विचारले, "तू फक्त रंग बदललास की आमिषच बदललेस? एक प्लास्टिकचे, दुसरे पिसांचे. आकार वेगळा, हालचाल वेगळी. मग फरक रंगामुळेच पडला, हे कशावरून?"

मी खजील झालो. सर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. चूक कळली म्हणजे प्रयोग पुढे गेला."

मग मी नानांचीच थोडी पिसे लाल रंगात बुडवून वाळवली. दोन्ही गुच्छ सारखेच बांधले आणि एकाच जागी, एकाच खोलीवर सोडले. दहा दिवसांत खोल पाण्यात पांढऱ्याला अकरा आणि लालला तीन मासे लागले. उथळ पाण्यात पांढऱ्याला पाच, तर लालला सहा. आमच्या खाडीपुरते तरी उत्तर मिळाले होते. पण ज्या दिवशी मासे तेथे नसत, त्या दिवशी कोणत्याच रंगाचा उपयोग होत नसे, हेही मी वहीत लिहिले.

इंजीन दुरुस्त होऊन आले. अब्बा पुन्हा समुद्रावर जाऊ लागले. पुढच्या महिन्यात नानांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोळा पूर्ण बरा झाल्यावर एके दिवशी नानांनी कोपऱ्यातली ती पट्ट्यांची काठी उचलली आणि म्हणाले, "चल बेटा, आज दोरी तू सोड. मी पाहतो."

शब्दार्थ
बनावट – खोटे, कृत्रिम
आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेली वस्तू
गरी – मासे पकडण्याचा गळ
गरवणे – गळ टाकून मासे पकडणे
वाव – पसरलेल्या दोन्ही हातांएवढी लांबी, सुमारे सहा फूट
नितळ – स्वच्छ
धूसर – अस्पष्ट
झुंजूमुंजू – पहाटेचा अंधूक उजेड
खजील होणे – लाज वाटणे
बोल लावणे – दोष देणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाने लाल मासा कोणत्या पैशांनी घेतला?
(आ) पाणी सर्वांत आधी कोणता प्रकाश शोषून घेते?
(इ) नानांनी रंग पाहण्याचे काम मुलाला का दिले?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहाटे काळे आमिष का वापरतात?
(आ) मुलाच्या पहिल्या प्रयोगात कोणती चूक होती? ती त्याने कशी सुधारली?

3. वाक्यात उपयोग करा : बोल लावणे, खजील होणे, उठून दिसणे.

4. विरुद्धार्थी शब्द लिहा : नितळ, खोल, उजेड, आनंद.

5. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या कामातील एखादी जुनी समजूत विचारा. ती खरी आहे का, हे कसे तपासता येईल, ते पाच वाक्यांत लिहा.