चित्रे मांडणाऱ्याचा स्वातंत्र्यलढ्यांशी काय संबंध?

प्रश्न : क्युरेटर म्हणजे प्रदर्शनासाठी चित्रे निवडून ती नीट मांडणारा माणूस. मग ओक्वी एन्वेझोर या क्युरेटरचे नाव वसाहतवादविरोध आणि सामाजिक न्याय यांच्याशी का जोडतात?

उत्तर : शंका रास्त आहे. पण मांडणीच्या आधी निवड येते, आणि खरी मेख तिथेच आहे. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत आधुनिक कला म्हणजे बहुतेक तिथल्याच चित्रकारांची, असे दीर्घकाळ चालले. आफ्रिकेतले मुखवटे मात्र मानववंशशास्त्राच्या दालनात. साहजिकच, आफ्रिकेतही आजचे कलावंत आहेत, हे प्रेक्षकाच्या गावीही नसे.

एन्वेझोर १९६३ साली नायजेरियात जन्मले. गृहयुद्धामुळे त्यांच्या कुटुंबाला वारंवार घर बदलावे लागले. १९८२ मध्ये ते अमेरिकेत गेले. तिथे ते कलाशाळेत शिकले असतील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली. त्यामुळे चित्र पाहतानाही सत्ता कोणाची, हा प्रश्न त्यांना आधी सुचे. १९९४ मध्ये त्यांनी समकालीन आफ्रिकी कलेला वाहिलेले ‘न्का’ हे नियतकालिक सुरू केले.

राजकीय विषयावरचे प्रदर्शन म्हणजे घोषणांचे फलक, हा दुसरा गैरसमज. एन्वेझोर यांच्या २००१ च्या ‘द शॉर्ट सेंच्युरी’ या प्रदर्शनाचा विषय होता १९४५ ते १९९४ मधील आफ्रिकी स्वातंत्र्यलढे. तिथे चित्रांसोबत छायाचित्रे, चित्रपट, संगीत आणि कापडही होते. कारण स्वातंत्र्याची आस या सगळ्यांतून व्यक्त झाली होती.

जर्मनीतल्या कासेल शहरी भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनाचे ते पहिले बिगरयुरोपीय कलासंचालक. २००२ च्या त्या प्रदर्शनाआधी त्यांनी निरनिराळ्या खंडांत चर्चासत्रे घेतली. त्यांतले एक दिल्लीत झाले. अत्याचारांनंतर सत्यशोधन आणि न्याय कसा साधावा, हा त्याचा विषय. आधी प्रश्न समजून घ्यायचे आणि मग कलाकृती मांडायच्या, असा हा क्रम होता.

वसाहतींतल्या कलावंतांना जागा देणे हा उपकार, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एन्वेझोर यांच्या म्युनिकमधल्या २०१६ च्या ‘पोस्टवॉर’ प्रदर्शनात आहे. १९४५ ते १९६५ या काळातली, साठहून अधिक देशांतली कला तिथे एकत्र आली. ती नाझींनीच उभारलेल्या ‘हाउस डेअर कुन्स्ट’ या इमारतीत! नवस्वतंत्र देशांतले कलावंत त्याच काळात स्वतःची आधुनिकता घडवत होते, हे तिथे दिसले. त्यांना वगळून लिहिलेला आधुनिक कलेचा इतिहास अपुरा होता आणि तो पुरा करणे हे क्युरेटरचेच काम आहे.