पूर्वजांचा शोध कसा करावा : हाउलंड घराण्यावरून एक धडा

(वाचन : एज्रा २ : ५९–६३)

बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्या लोकांपैकीं कित्येकांस आपल्या वाडवडिलांचें घराणें दाखवितां येईना. कांहीं याजकांनीं वंशावळीच्या नोंदींत आपलीं नांवें शोधिलीं, तीं सांपडलीं नाहींत. म्हणून त्यांस याजकपणापासून दूर ठेविलें. केवळ तोंडच्या सांगण्यावर वंशाचा निर्णय करूं नये, हें त्या काळींही लोक जाणत होते. हीच गोष्ट अमेरिकेंतील एका जुन्या घराण्याच्या इतिहासावरून आम्ही आज वाचकांपुढें मांडितों.

सन १६२० सालीं मेफ्लॉवर नांवाच्या गलबतांतून १०२ उतारू इंग्लंड सोडून अमेरिकेस गेले, व तेथें त्यांनीं प्लिमथ नांवाची वसाहत केली. जॉन कार्व्हर हा तिचा पहिला गव्हर्नर झाला. त्याच्या पदरीं जॉन हाउलंड नांवाचा एक तरुण चाकर होता. वाटेंत मोठें वादळ होऊन तो समुद्रांत पडला. परंतु बाहेर लोंबत असलेली शिडाची दोरी त्याच्या हातीं लागली, ती त्यानें सोडिली नाहीं, आणि लोकांनीं त्यास आंकडीनें वर ओढून घेतलें. पुढें त्याचें लग्न झालें, त्यास दहा मुलें झालीं, आणि ऐंशी वर्षें उलटल्यावर तो मरण पावला. आज त्याचे वंशज असंख्य आहेत. त्यांपैकीं कोणास आपला संबंध सिद्ध करावयाचा असल्यास त्यानें तीन नियम पाळिले पाहिजेत.

पहिला नियम : आपल्यापासून आरंभ करून मागें जावें. पुष्कळ लोक प्रसिद्ध पूर्वज अगोदर निवडितात, व मग त्याच्यापासून आपल्यापर्यंत वाट काढूं पाहतात. हें उलटें आहे. हाउलंड आडनांवाचा प्रत्येक मनुष्य ह्या जॉनचाच वंशज असतो असें नाहीं. कारण आर्थर व हेन्री हे त्याचे दोघे भाऊ मागाहून त्याच वसाहतींत आले, व त्यांचाही वंश वाढला. म्हणून मुलापासून बापाकडे, बापापासून आजाकडे, एकेक पायरी जन्ममृत्यूच्या नोंदींनीं, मृत्युपत्रांनीं व जमिनीच्या कागदांनीं पक्की करीत जावें. एक पायरी निसटली म्हणजे वरचा सर्व जिना व्यर्थ होय.

दुसरा नियम : तारीख नीट समजून घ्यावी. इंग्रजी राज्यांत सन १७५२ पूर्वीं नवें वर्ष २५ मार्चला लागत असे. हाउलंड फेब्रुवारी महिन्यांत वारला. तें वर्ष त्या वेळच्या लोकांच्या हिशेबानें १६७२ होतें, आपल्या हिशेबानें १६७३. हें ज्यास ठाऊक नाहीं, तो एकाच मनुष्याचे दोन मनुष्य करील.

तिसरा नियम : ऐकीव गोष्ट जवळच्या साक्षीशीं ताडून पाहावी. हाउलंडची बायको एलिझाबेथ ही कार्व्हर गव्हर्नराची मुलगी, कोणी म्हणत नात, अशी कथा घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. हाउलंडच्या थडग्यावरील पूर्वींच्या दगडावरही कार्व्हरचेंच नांव होतें. प्लिमथचा दुसरा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड ह्यानें वसाहतीचा वृत्तांत लिहून ठेविला होता. तो स्वतः त्याच गलबतांतून आला होता. त्याचें हस्तलिखित अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास बोस्टनहून नाहींसें झालें. सन १८५५ सालीं तें लंडनच्या बिशपाच्या फुलम येथील ग्रंथसंग्रहांत सांपडलें, व १८५६ सालीं छापून निघालें. त्यांत उतारूंची यादी होती, आणि तींत एलिझाबेथ ही जॉन टिली व त्याची बायको ह्यांची मुलगी असें स्पष्ट लिहिलें होतें. पुढें इंग्लंडांतील हेन्लो गांवच्या चर्चच्या रजिस्टरांत तिच्या १६०७ सालच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळाली.

हे टिली कोण होते? ते मोठे अधिकारी नव्हते. अमेरिकेस पोहोंचल्यावर पहिल्याच हिंवाळ्यांत उतारूंपैकीं सुमारें अर्धे लोक मेले. त्यांत एलिझाबेथचे आईबाप मेले, चुलता व चुलतीही मेलीं. तेरा वर्षांची ती पोर परक्या देशांत अनाथ राहिली. तिला कार्व्हरच्या घरीं आश्रय मिळाला असावा, व त्यावरूनच ती कथा उठली असावी.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून विचार करावा. गव्हर्नराचें नांव कुळास लावितांना वंशजांनीं नकळत दोन गरीब मृतांची मुलगी त्यांच्यापासून काढून घेतली होती. ज्यांनीं मुलीला बरोबर घेऊन समुद्र ओलांडिला व तेथेंच देह ठेविला, त्यांचेंच नांव पुसलें गेलें. तें परत मिळालें तेव्हां कुळाचा मान कमी झाला काय? आम्हांस तर वाटतें कीं तो वाढला. मोठ्या माणसाचें खोटें नांव घेण्यापेक्षां लहान माणसाचें खरें नांव घेणें, हाच आईबापांचा खरा मान होय.

तात्पर्य, आपल्या घरांतील वृद्ध जिवंत आहेत तोंवर त्यांच्यापासून नांवें, गांवें व वर्षें विचारून वहींत उतरून ठेवावीं. जें ऐकिलें तें ऐकिलें म्हणून, व जें लेखांत पाहिलें तें पाहिलें म्हणून निरनिराळें लिहावें. आजीचें व पणजीचें माहेरचें नांव विसरूं नये. ब्रॅडफर्डनें एका लहान मुलीचें नांव लिहिलें, म्हणूनच तिचे आईबाप सांपडले.

प्रश्न : १. एकाच आडनांवावरून वंश कां सिद्ध होत नाहीं? २. ब्रॅडफर्डची साक्ष घराण्यांतील कथेपेक्षां अधिक विश्वसनीय कां? ३. आपल्या पणजीचें माहेरचें नांव आपणांस ठाऊक आहे काय? नसल्यास कोणास विचारावें?