पॉकेट डायनॅमो आणि डायनामाइट किड : ताकद सुईत नसते



या वेळच्या आरोग्य पाठात आपण दोन पैलवानांची आयुष्ये शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत. दोघेही लहान चणीचे आणि विजेसारखे चपळ. एकाला लोक 'पॉकेट डायनॅमो' म्हणत, दुसरा 'डायनामाइट किड' या नावाने रिंगणात उतरे. एक आपल्या मातीतला, दुसरा इंग्लंडमधला.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या घरातच आहे. माहीमच्या किनाऱ्यावर वाळूत कोलांट्या मारणारी, मोबाइलवर पाहिलेला डाव घरी गादीवर धाकट्या भावावर करून बघणारी मुले आपलीच आहेत. बोईसर-तारापूरच्या कारखान्यातली पाळी संपवून जिमला जाणारे तरुणही आपलेच. अंग कमवावे असे त्यांना वाटते, यात वाईट काही नाही. ते कशाने कमवायचे, एवढाच प्रश्न आहे.

मातीतला पैलवान

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील स्वतः पैलवान होते. गावच्या मातीत खाशाबांचे अंग घडले, पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. ज्या शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीलाही आश्रय दिला होता. त्या वातावरणात खाशाबा वाढले.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते गादीवरच्या कुस्तीला नवखे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. तिथे ५७ किलोच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

१९५५ साली ते पोलीस खात्यात रुजू झाले, फौजदारापासून सहायक आयुक्तपदापर्यंत चढले. १९८४ साली रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. कष्ट करणाऱ्याची दखल उशिरा घेतली जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आरोग्याच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, जगातल्या मोठ्या पैलवानांपुढे हा ५७ किलोच्या आतला माणूस उभा राहिला तो डावाच्या बळावर. 'ढाक' हा त्यांचा आवडता डाव. समोरच्याचे वजन कसे वापरायचे, तोल कुठे मोडायचा, हे वर्षानुवर्षे घोटून येते. त्याला इंजेक्शन नाही.

हवेतला पैलवान

दुसऱ्याचे खरे नाव टॉम बिलिंग्टन. जन्म ५ डिसेंबर १९५८, इंग्लंडमधल्या गोलबोर्न या गावी, कष्टकरी घरात. किशोरवयातच तो व्यावसायिक कुस्तीत उतरला. ही कुस्ती म्हणजे टीव्हीवर दिसते ती. दोरांवर चढायचे, वरून झेप घ्यायची, डोके पुढे करून समोरच्यावर कोसळायचे. कॅनडा, जपान, मग अमेरिका. १९८१ पासून जपानमध्ये 'टायगर मास्क'बरोबर झालेल्या त्याच्या लढती आजही जाणकार नावाजतात. १९८६ साली नात्यातला भाऊ डेव्ही बॉय स्मिथ याच्या जोडीने त्याने अमेरिकेतला जोडी-कुस्तीचा पट्टा जिंकला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

या खेळात कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, 'सगळे खोटे असते.' निकाल ठरलेला असतो हे खरे, पण उंचावरून पाठीवर पडणे ठरवून खोटे करता येत नाही. मणक्याला तो दणका खराच बसतो.

तो चणीने लहान, आणि त्या रिंगणात मागणी धिप्पाड देहाची. अंग फुगवण्यासाठी आपण स्टेरॉइडे घेतली, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. १९८६ च्या डिसेंबरमध्ये रिंगणातच त्याची पाठ गेली आणि मणक्याची शस्त्रक्रिया करावी लागली. तो पुरता बरा न होताच परतला आणि आणखी काही वर्षे खेळला. १९९७ च्या सुमारास तो चाकाच्या खुर्चीवर आला. २०१८ साली, आपल्या साठाव्या वाढदिवशी तो गेला. जोडीदार डेव्ही तर २००२ सालीच, ३९ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला होता.

आम्ही टॉमला दोष देत नाही. गरिबाघरच्या पोराला अंगाशिवाय दुसरे भांडवल नव्हते, आणि बाजाराने ते भांडवल वापरून घेतले. आपल्या पोरांनी हे ओळखावे, म्हणून ही कथा सांगितली.

ते इंजेक्शन नेमके काय करते?

जिममध्ये 'कोर्स' म्हणून जे देतात, ते पुरुषी संप्रेरकासारखे बनवलेले औषध असते. त्याने स्नायू लवकर भरतात. त्याबरोबर हेही होते :

१. रक्तदाब वाढतो, रक्तातली चरबी बिघडते, हृदयावर ताण येतो. तरुणपणी झटका येऊ शकतो.
२. बाहेरून संप्रेरक आल्याने शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषण आक्रसतात, मूल होण्यात अडचण येते, छाती बायकांसारखी वाढू शकते.
३. वाढत्या वयात घेतले तर हाडांची वाढ लवकर थांबते. उंची खुंटते.
४. गोळ्यांनी यकृताला इजा होते.
५. चिडचिड आणि राग वाढतो. त्याचा मार घरातल्या बायकापोरांना बसतो.
६. एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरतो.

एक खुलासा. दम्याच्या पंपात किंवा सुजेवर डॉक्टर जे स्टेरॉइड देतात, ते वेगळे. ते आपल्या मनाने बंद करू नये.

कोणी हा 'कोर्स' घेत असेल तर त्याला झिडकारू नका, डॉक्टरांकडे न्या आणि खरे सांगा. एकदम सोडल्यावर मन खूप खचते, जीव नकोसा वाटतो. अशा वेळी एकटे सोडू नका. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

खुराक आपल्या चुलीवरचा

सिद्धार्थाने उपास करून देह झिजवला, तेव्हा त्याला सत्य सापडले नाही. सुजाताची खीर घेऊन अंगात बळ आल्यावर तो पुन्हा ध्यानाला बसला. देहाला उपाशी मारू नये आणि हावेने फुगवूही नये, हाच मध्यम मार्ग आहे.

व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या मुलाला रोज ७५ ते ९०. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७, हरभऱ्याच्या ५० ग्रॅम कोरड्या दाण्यांत १०. सोयाबीनच्या ५० ग्रॅम वड्यांत २५ च्या आसपास. आपल्या किनाऱ्यावरचे सुके बोंबील आणि सुकट तर प्रथिनांनी भरलेले, फक्त मीठ जावे म्हणून धुऊन, भिजवून घ्यावे. डबाबंद पावडर म्हणजे औषध नव्हे आणि चमत्कारही नव्हे. सुटी, बिनलेबलाची पावडर कधीही घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्याने प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पोर पडले तर

मानेवर किंवा पाठीवर पडून हातपाय बधिर झाले, मान दुखू लागली, तर त्याला उठवून बसवू नका आणि पाणी पाजू नका. मान चोळू नका, ओढू नका. डोके दोन्ही हातांनी आहे तसेच स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. उलटी आली तर दोघातिघांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सगळे अंग एकदम कुशीवर वळवा.

डोक्यावर आपटल्यावर वारंवार उलटी, गुंगी, झटके, बरळणे किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर लगेच रुग्णालय गाठा. काही दिसले नाही तरी एक दिवस नजर ठेवा, आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत खेळ बंद.

मुलांना कुस्ती शिकू द्या, मुलींनाही. मात्र वस्तादाच्या नजरेखाली, मातीत किंवा गादीवर. चांगला वस्ताद आधी पडायला शिकवतो, मग पाडायला.

रविवारच्या वंदनेनंतर चर्चेसाठी

१. खाशाबांना गावाने वर्गणी दिली. आपल्या वस्तीतल्या खेळणाऱ्या मुलामुलींसाठी आपण काय उभे करू शकतो?
२. आपल्या घरातले कोणी सुई किंवा सुटी पावडर घेते का? त्याला न रागावता कोण विचारेल?
३. नशा टाळण्याचे शील आपण घेतो. अंग फुगवण्याचा हा नाद त्यात बसतो का?

तिसऱ्या प्रश्नावर घरातल्या तरुणांना आधी बोलू द्या.