स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा आणि घरातले तंत्रज्ञान



"आबांना हल्ली काही आठवत नाही, वय झालं आता." हे वाक्य आपल्या बारामती-इंदापूर भागात पालकसभेतसुद्धा ऐकू येतं. आईला सभेला यायला जमत नाही, कारण सासऱ्यांना एकटं सोडता येत नाही. सातवीतली मुलगी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, कारण आई-वडील एमआयडीसीत कामाला आणि आजीजवळ कुणीतरी हवं. म्हणजे हा विषय फक्त दवाखान्याचा नाही, तो आपल्या हजेरीपटावरही दिसतो.

एखाद्याचं नाव पटकन न आठवणं वेगळं. रोजच्या वाटेवर चुकणं, जेवलो की नाही हे विसरणं, आयुष्यभर जमलेला हिशोब अचानक न जमणं वेगळं. याला स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया म्हणतात आणि अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना हा आजार आहे. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त. तरीही आपण 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतो! एक गोष्ट आधी करा: डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.

आता तंत्रज्ञानाकडे येऊ. माझं स्पष्ट मत असं, की ज्या यंत्रासाठी आजोबांना नवीन काही शिकावं लागतं ते यंत्र घेऊच नका. या आजारात नवं शिकणं आधी जातं, जुनी सवय शेवटपर्यंत टिकते. जन्मात स्मार्टफोन न धरलेल्या माणसाला तो हातात देऊन "इथं दाबा, तिथं सरकवा" म्हणण्यात दोघांचाही जीव जातो. त्यापेक्षा बटण फिरवायचा रेडिओ बरा. बारामतीची वसुंधरा वाहिनी लावून द्या, किंवा त्यांच्या तरुणपणची भजनं पेन ड्राइव्हवर भरून ठेवा. फोन द्यायचाच असेल तर पडद्यावर फक्त तीन-चार माणसांचे फोटो ठेवा, फोटोला बोट लावलं की थेट फोन लागला पाहिजे. ही मांडणी आठवीतलं पोर दहा मिनिटांत करून देतं.

सगळ्यात मोठी काळजी म्हणजे माणूस घरातून निघून जाण्याची. शहरातल्या सोसायटीला वॉचमन असतो. आपल्याकडे वस्तीच्या बाजूला डोक्यावर गेलेला ऊस, बिनकठड्याची विहीर, पुढे नीरा डावा कालवा आणि इंदापूरच्या बाजूला उजनीचं पाणी. उसात शिरलेला माणूस दहा फुटांवरून दिसत नाही. म्हणून पहिला खर्च दारावर करा. दार उघडलं की वाजणारी, सेलवर चालणारी छोटी घंटी मिळते, ती बसवा. बाहेरून कुलूप घालून कामावर जाणं मात्र नको. आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर काय?

जीपीएस घड्याळाच्या जाहिराती बघून पालक विचारतात, घेऊ का? घ्या, पण दुकानदाराला दोन प्रश्न विचारून. ते टू-जीवर चालतं की फोर-जीवर? जिओला टू-जी नाही, त्यामुळे टू-जीचं घड्याळ त्या सिमवर चालणारच नाही. आणि बॅटरी किती टिकते? रोज चार्ज करावं लागणार असेल तर ते काम कुणाचं, हे आधी ठरवा. चावीला लावतात तसले ब्लूटूथ टॅग आसपासच्या फोनच्या भरवशावर चालतात. बाजारपेठेत ठीक, रानात बिनकामाचे.

त्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. २०२३ मध्येच मुंबईत वरळीहून हरवलेला एक विशेष मुलगा कुलाब्यात सापडला आणि गळ्यातल्या क्यूआर कोडच्या पदकामुळे त्याच दिवशी घरी पोहोचला. हेच आपल्या आजीसाठी करता येतं. तेवढंही नको असेल तर सदऱ्याच्या आत, परकराच्या नेफ्याला मोबाईल नंबर शिवून टाका. सुई-दोरासुद्धा तंत्रज्ञानच की!

'अस्तु' हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट पालकांनी जरूर पाहावा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत निघून जातात. आपल्याकडचा हत्ती म्हणजे आषाढातली पालखी. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते. टाळ-मृदंग ऐकला की चाळीस वर्षं वारी केलेल्या माणसाचे पाय आपोआप उठतात. त्या दोन दिवसांत त्यांना घरात कोंडू नका. कुणीतरी हात धरून दर्शनाला न्या, खिशात नंबर ठेवा आणि त्या दिवशीच्या कपड्यातला एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. चुकामूक झालीच तर ११२ वर पोलिसांना तोच फोटो उपयोगी पडतो.

कॅमेऱ्याबद्दल मला शंका आहे. पुण्यातला मुलगा फोनवर आईला बघतो, हे चांगलंच. पण अंगणात आणि बैठकीत कॅमेरा पुरे, न्हाणीघर आणि झोपायची खोली नको. विसरलेल्या माणसालाही लाज असते. शिवाय कॅमेऱ्यातून दिसतं, उचलून बसवता येत नाही. ते काम घरात असलेल्या सुनेलाच करावं लागतं आणि वर "लक्ष कुठं होतं तुझं?" हा फोनही तिलाच येतो.

बाकी छोट्या गोष्टी. रात्री लघवीला उठताना लागेल असा हालचालीवर पेटणारा दिवा लावा, वीज जाते म्हणून चार्जिंगचा. गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत बसवा, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. बँकेला जोडलेलं सिम आजोबांच्या हातातल्या फोनमध्ये ठेवू नका. ओटीपी मागणाऱ्यांना असलीच माणसं हवी असतात. आणि दिवेलागणीला जीव घाबरा होत असेल तर त्या वेळी टीव्हीवरच्या मारामाऱ्या बंद ठेवा, त्यांना ती माणसं घरात शिरल्यासारखी वाटू शकतात.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांना आजी-आजोबांचे जुने फोटो गोळा करायला सांगा आणि प्रत्येक फोटोबरोबर घरातल्या कुणाच्या तरी आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड करायला लावा: "आजी, ही तुमची खिलारी बैलजोडी." पण "ओळखा बघू हे कोण?" अशी परीक्षा घ्यायची नाही, हे मुलांना बजावून सांगा. नाव आपणच सांगायचं, मग आजी बोलेल तेवढं ऐकायचं. आणि जी मुलगी राखणीसाठी घरी राहते, तिच्या पालकांना बोलावून १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आणि १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर लिहून द्या. टेलिमानसवर थकलेली सूनही स्वतःसाठी बोलू शकते, मराठीत, रात्री दोन वाजतासुद्धा.