चार्जिंगच्या ड्रिलची बॅटरी म्हातारी होते तेव्हा



सरावली, डहाणू, कासा, तलासरी, आपल्या भागात कुठेही घराचं काम निघालं की सुतार आणि वायरमनच्या पिशवीतून पहिलं बाहेर येतं ते चार्जिंगचं ड्रिल. वाडीत चिकूवर फवारणी करायचा पंपही आता बॅटरीवर चालतो. मशीन वर्षानुवर्षं टिकतं, पण बॅटरी आधी थकते. मग काही जण ती तशीच वापरत राहतात, काही जण फोडून बघतात आणि काही जण कचऱ्यात टाकतात. या तिन्हींत नुकसान आहे. आजच्या पाठात बॅटरी थकते म्हणजे नेमकं काय होतं आणि तेव्हा काय करायचं, ते समजून घेऊ.

बॅटरीच्या डब्यात काय असतं?

18 वोल्टच्या डब्यात सहसा लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक सेल साधारण 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असतो, म्हणून त्याला 18650 म्हणतात. एका सेलचा सरासरी दाब 3.6 वोल्ट. आता गुणाकार करा: 3.6 × 5 = 18. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 वोल्ट दाखवतो, म्हणजे 4.2 × 5 = 21. म्हणूनच बाजारात कुठे 18, कुठे 20, तर कुठे 21 वोल्ट लिहिलेलं दिसतं. बहुतेक वेळा आत तेच पाच सेल असतात. नुसता आकडा मोठा बघून जास्त पैसे देऊ नका.

सेल एकापुढे एक असल्यामुळे एक गंमत होते. विहिरीपासून शेतापर्यंत पाच माणसं रांगेत उभी राहून पाणी पुढे देत आहेत असं समजा. चौघांकडे मोठ्या बादल्या आणि एकाकडे छोटी. शेतात पाणी किती पोहोचेल? छोट्या बादलीएवढंच! तसंच पाचपैकी एक सेल कमजोर झाला की पूर्ण बॅटरी कमजोर वाटते. बाकीचे चार चांगले असूनही.

थकते म्हणजे काय होतं?

दोन गोष्टी होतात. पहिली, सेलमध्ये वीज कमी मावते. दुसरी, सेलचा आतला विरोध वाढतो. ही दुसरी गोष्ट उदाहरणाने पाहू.

समजा भिंतीत भोक पाडताना ड्रिल 20 अँपिअर वीज ओढतं. नव्या पाच सेलचा मिळून विरोध 0.1 ओहम धरू. 20 × 0.1 = 2 वोल्ट आतल्या आत खर्च झाले, मोटरला 16 मिळाले. जुन्या बॅटरीचा विरोध 0.4 ओहम झाला तर 20 × 0.4 = 8 वोल्ट आतच गेले! मोटरला उरले फक्त 10. ड्रिल अडकणारच. आत खर्च झालेल्या विजेची उष्णता होते, म्हणून जुनी बॅटरी लवकर तापते.

पण त्याच बॅटरीवर छोटा एलईडी दिवा लावला तर तो कितीतरी वेळ जळतो, कारण दिव्याला वीज थोडीच लागते. म्हणजे थकलेली बॅटरी लगेच निकामी ठरत नाही. फुगलेली किंवा तापणारी नसेल तर तिला हलकं काम द्या: लाकडात छोटे स्क्रू बसवणं किंवा त्याच कंपनीचा डब्यावर बसणारा दिवा. काँक्रीटसाठी दुसरी बॅटरी ठेवा.

आयुष्य कसं वाढवायचं?

1. "पूर्ण संपवूनच चार्ज कर" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियमला तो लागू नाही. ड्रिलचा जोर कमी झाला की थांबा आणि चार्ज करा.
2. काम संपल्यावर बॅटरी गरम असते. ती थंड होऊ द्या, मग चार्जरला लावा.
3. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, टेम्पोत काचेखाली किंवा उन्हातल्या डिकीत बॅटरी ठेवू नका. उष्णता हा तिचा मोठा शत्रू.
4. पावसाळ्यात काम बंद असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून, मशीनमधून काढून, कोरड्या जागी ठेवा.
5. फवारणी पंपात बहुतेक वेळा 12 वोल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते. तिचा नियम उलटा! ती पूर्ण भरूनच ठेवायची आणि अधूनमधून चार्ज करायची. रिकामी पडून राहिली तर आत शिशाच्या प्लेटवर कडक थर बसतो आणि ती पुन्हा नीट चार्ज होत नाही.

हे मात्र करू नका

चार्जर बॅटरी घेत नसेल तर दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून "झटका" देण्याची पद्धत दिसते. हे धोक्याचं आहे. खूप खोल उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा थर विरघळून आतच शॉर्ट होऊ शकतो. पुढच्या चार्जिंगला तो सेल पेट घेऊ शकतो.

एकच सेल बदलून भागत नाही, कारण नवा आणि जुने यांचं जमत नाही. पाचही सेल एकसारखे हवेत, आणि ते सोल्डरने नाही तर निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून जोडायचे असतात. सोल्डरच्या उष्णतेने सेल बिघडतो. म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. 18650 सेलवर 5000 किंवा 9900 एमएएच लिहिलेलं दिसलं तर सरळ परत द्या. या मापाच्या नेहमीच्या चांगल्या सेलमध्ये साधारण 3500 पर्यंतच मावतं.

बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला, किंवा चार्जिंगला लावल्यावर खूप तापली तर वापर तिथेच थांबवा. ती घराबाहेर, पेंढा आणि लाकडापासून लांब ठेवा. धूर निघाला तर जवळ जाऊ नका, तो विषारी असतो.

शेवटी द्यायची कुठे?

उकिरड्यावर नको आणि शेकोटीत तर मुळीच नको. लहान मुलं चकचकीत सेल खेळायला उचलतात. कॅडमियम आणि शिसे मातीतून विहिरीच्या पाण्यात उतरू शकतात. आपला डहाणू तालुका केंद्र सरकारने 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलेला आहे, हे लक्षात ठेवा.

2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देण्याची जबाबदारी आपली. बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि नवी घेताना जुनी दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. पंपाची शिशाची बॅटरी दुकानदार बदल्यात घेतात, तिचे थोडे पैसेही मिळतात.

सुताराचा एक दिवस बॅटरीमुळे फुकट गेला तर त्या दिवसाची मजुरी जाते. पण घरातल्या मुलाचा हात भाजला तर ते कशानेच भरून येत नाही. तेव्हा बॅटरी वेळेवर ओळखा आणि वेळेवर निरोप द्या.

स्वाध्याय

1. 12 वोल्ट लिहिलेल्या काही ड्रिलमध्ये लिथियमचे तीन सेल असतात. त्यांचा सरासरी दाब आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचा दाब काढा.
2. थकलेल्या बॅटरीवर दिवा चालतो पण ड्रिल अडकतं. असं का? तुमच्या शब्दांत लिहा.
3. कृती: घरात किंवा शेजारी किती जुन्या बॅटऱ्या पडून आहेत, त्यांची यादी मोठ्यांना सोबत घेऊन करा. हात लावू नका, फक्त नोंद करा. फुगलेली दिसली तर लगेच मोठ्यांना सांगा.