वैज्ञानिक गद्यातील क्रियापदे : ‘मोजले’, ‘मानले’, ‘काढले’

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला वैज्ञानिक उताऱ्यातील निरीक्षण, गृहीतक व अनुमान वेगळे ओळखता येईल आणि ते भेद मराठीत नेमकेपणाने मांडता येतील.

प्रास्ताविक
वैज्ञानिक गद्याची कसोटी केवळ परिभाषेवर लागत नाही. ज्ञान कोणत्या मार्गाने मिळाले, हे क्रियापद सांगत असते. जपानच्या नैर्ऋत्य भागालगत नानकाई गर्ता आहे. तेथे फिलिपीन समुद्राचा भूपट्ट जपानखाली सरकतो. १९४४ व १९४६ साली तेथे महाभूकंप झाले. दोन भूपट्टांमधील संपर्कपृष्ठाचा किती भाग भूकंपात तुटू शकेल, हे बऱ्याच अंशी तेथील तापमानावर अवलंबून असते. ते जाणण्यासाठी समुद्रतळातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे उष्णताप्रवाह, माहीत असावा लागतो.

विवेचन
थेट मोजणीसाठी गाळात तापमापक रोवावा लागतो. दुसरा मार्ग प्रतिध्वनीचा आहे. जहाजावरून सोडलेल्या ध्वनिलहरी गाळाच्या थरांवरून परततात. त्यांतील एक प्रतिध्वनी थरांना छेदून समुद्रतळाला समांतर जातो आणि त्याचे चिन्ह तळाच्या प्रतिध्वनीच्या उलट असते. गाळात पाणी व मिथेन यांचे बर्फासारखे हायड्रेट असते. ठरावीक खोलीखाली उष्णतेमुळे ते टिकत नाही व मुक्त वायू आढळतो. वायूमुळे ध्वनीचा वेग घटतो. ही सीमा म्हणजे जणू निसर्गानेच पुरलेला तापमापक. यामानो, उएदा व सहकाऱ्यांनी १९८२ साली तिच्या आधारे उष्णताप्रवाहाचे अंदाज मांडले.

एक कल्पित उदाहरण पाहू. समुद्राची खोली २,००० मीटर, तळाचे तापमान २ अंश सेल्सिअस आणि दोन प्रतिध्वनींतील अंतर ०.५ सेकंद : हे मोजले. गाळातील ध्वनिवेग सेकंदाला १,६०० मीटर : हा मानला. ध्वनी जाऊन परत येतो, म्हणून सीमा तळाखाली ४०० मीटरवर आहे, असे काढले. तेथील दाब सुमारे २४ मेगापास्कल. त्या दाबाला खाऱ्या पाण्यात हायड्रेट सुमारे १८ अंशांपर्यंत टिकते. ४०० मीटरमध्ये १६ अंशांची वाढ, म्हणजे मीटरमागे ०.०४ अंश. गाळाची उष्णतावाहकता १ वॅट प्रति मीटर प्रति अंश मानल्यास उष्णताप्रवाह चौरस मीटरला ४० मिलिवॅट येतो.

आता वेग १,८०० मानून पाहा. सीमा ४५० मीटरवर जाते आणि उत्तर सुमारे ३६ मिलिवॅटवर येते. म्हणून ‘उष्णताप्रवाह ४० मिलिवॅट मोजला’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही असत्य ठरते. अशा आकड्यांवर भूकंपक्षेत्राची मर्यादा आखली जाते. तेव्हा ‘मानले’ हे क्रियापद गाळणे म्हणजे वाचकापासून अनिश्चितता दडवणे होय.

सारांश
निरीक्षणाला ‘मोजले’, गृहीतकाला ‘मानले’ आणि अनुमानाला ‘काढले’ हे क्रियापद योजावे.

स्वाध्याय
१. वरील उदाहरणात उष्णतावाहकता १.१ मानल्यास उत्तर किती येईल?
२. वृत्तपत्रातील एखादी विज्ञानविषयक बातमी घेऊन तिच्यातील क्रियापदांची वरील तीन गटांत विभागणी करा.